पाकाला कोरडा हात

माझ्या सासऱ्यांना सगळी गल्ली गोळीवाले म्हणते, घरात आम्ही नाना म्हणतो. पन्नास वर्षं त्यांनी लिंबाच्या आंबटगोड गोळ्या केल्या आणि नऊ वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की तुमच्या रक्तात साखर आहे. त्यावर नाना म्हणाले होते, बरोबर आहे, इतकी वर्षं माझ्याकडे काढल्यावर ती दुसरीकडे जाईल कुठे. डॉक्टर हसले नाहीत. ते कधीच हसत नाहीत. त्यांच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट विनोद करत असणार.

त्या दिवसापासून नानांनी गोळी तोंडात टाकली नाही. हे मी आज छातीठोकपणे सांगते, पण मध्ये दोन महिने असे गेले की मी त्यांना चोर समजत होते, आणि तोही सराईत. ते कसं झालं हे सांगायचं तर आधी त्यांचा दिवस सांगायला हवा. इतक्या शिस्तीत दिवस काढणारा चोर मी तरी दुसरा पाहिला नाही.

नाना साडेपाचला उठतात आणि सर्वांत आधी स्वतःचे तळपाय बघतात. या आजारात पायाला काही लागलं तरी कळत नाही, म्हणून रोज बघा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. वाकून दिसत नाही, म्हणून सासूबाईंचा हातातला आरसा ते पायाखाली धरतात. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्या असत्या तर त्यांनी त्या आरशाचा हा उपयोग होऊ दिला नसता. पाहणी झाली की नाना स्वयंपाकघरात मला ऐकू येईल अशा आवाजात निकाल सांगतात. डावा ठीक. उजवा ठीक. करंगळी जरा नाराज आहे. मग मी करंगळी बघायला जायचं आणि ती चांगली धडधाकट असायची.

मग बुटांची झडती. बूट उलटे करून तीनदा आपटायचे, आत हात घालून खडा आहे का बघायचं. एकदा आत शर्टाचं बटण सापडलं, तेव्हा ते कोणाचं यावर चार दिवस चौकशी चालली होती. त्यानंतर चालणं. इमारतीच्या आवारात वीस फेऱ्या. मोजणी चुकू नये म्हणून डाव्या खिशात कागदात गुंडाळलेल्या वीस गोळ्या ठेवायच्या आणि प्रत्येक फेरीला एक उजव्या खिशात टाकायची. मधुमेही माणूस रोज सकाळी खिशात वीस गोळ्या घेऊन फिरतो आणि वीसच्या वीस घेऊन परत येतो, याचं गल्लीला फार कौतुक होतं. पुढे हेच त्यांच्या अंगाशी आलं.

जेवणात भात दोन चमचे. तेही शिगोशीग नाही. चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून सपाट करायचे. औषधांच्या डबीला सात दिवसांचे सात कप्पे आहेत. रात्रीची गोळी घेतली का, अशी शंका आली तर ते डबी उघडत नाहीत, कानाशी हलवून बघतात. आवाजावरून त्यांना कळतं. बिनसाखरेचा चहा मात्र डोळे मिटून पितात, आणि प्यायल्यावर काही वेळ कोणाशी बोलत नाहीत.

हा सगळा दिवस कशासाठी, तर दुपारी दोनला भट्टीवर जाता यावं म्हणून. आमचा कारखाना घराच्या मागच्या बोळात आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत माल बांधायचा, मागच्या खोलीत भट्टी, कढई आणि दगडी ओटा. विक्री आणि खरेदी माझा नवरा बघतो. पाकात रंग-वास घालणं आणि गोळ्या कापणं ही कामं गेली वीस वर्षं आमच्याकडे असलेल्या कारागिराची. पण पाक तयार झाला की नाही हे ठरवायचं फक्त नानांनी. पाक जरा कच्चा राहिला तर गोळी कागदाला चिकटते आणि जरा पुढे गेला तर कडू होते. नाना कढईतला एक थेंब दगडावर टाकतात, तीन श्वास मोजतात, तो थेंब अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरून कानाशी नेतात आणि मोडतात. आवाज पसंत पडला की कढई उतरवायची. दिवसात असं तीस-चाळीस वेळा. आणि या धंद्याचा एक नियम त्यांनी लहानपणापासून पाळलेला, की पाकाला कोरडा हात. उकळत्या पाकात पाण्याचा थेंब पडला तर तो अंगावर उडतो, म्हणून भट्टीजवळ हात धुवायचा नाही. खांद्यावरच्या फडक्याला पुसायचा आणि पुढचा थेंब घ्यायचा.

माझ्या नवऱ्याला बोटांपेक्षा यंत्रांवर विश्वास जास्त. त्याने पूर्वी पाकासाठी एक थर्मामीटर आणला होता. नानांनी तो भिंतीवर खिळ्याला अडकवला आणि विचारणाऱ्याला सांगितलं की तो भिंतीचा ताप बघायला आहे. यंदा नवऱ्याने घरी साखर मोजायचं मशीन आणलं. तोवर नाना तीन महिन्यांनी एकदा रक्त देऊन यायचे आणि कागदावर सगळं ठीक असायचं. आता सकाळ-संध्याकाळ घरीच मोजायचं ठरलं. टोचायचं काम माझ्याकडे आलं आणि वहीत लिहायचंही.

सकाळी आंघोळीनंतर मोजली, एकशे अठरा. सगळे खूश. संध्याकाळी नाना कारखान्यातून आले, दारातच त्यांना खुर्चीवर बसवलं, बोट कोरड्या कापसाने पुसलं, टोचलं. तीनशे चौसष्ट. मी पुन्हा मोजली, तीनशे सत्तर. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी नानांकडे पाहिलं आणि नानांनी मशीनकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, जरा हातपाय धुतो, पाच मिनिटं टेकतो, मग मोज. मला वाटलं, खाई त्याला खवखवे. वेळ काढून आकडा उतरवायचा बेत दिसतोय. मी नियम करून टाकला की दारात पाऊल टाकल्या टाकल्या मोजायची, हातपाय नंतर. नानांनी बोट पुढे केलं. त्या दिवशी तीनशे एकोणनव्वद आली.

वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सकाळचे आकडे पाहिले, संध्याकाळचे पाहिले आणि चष्म्यावरून नानांना विचारलं की संध्याकाळी पोटात काय जातं. नाना म्हणाले, फक्त वास जातो. डॉक्टर नेहमीप्रमाणे हसले नाहीत. अजून पंधरा दिवस बघू, नाहीतर इंजेक्शन सुरू करावं लागेल, असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. घरी येताना रस्त्यातच नवऱ्याने स्वतःचा निकाल सांगितला. आकडा उतरला नाही तर भट्टी बंद. नानांनी कारखान्यात पाऊल टाकायचं नाही.

नाना रस्त्यात थांबले. "मी खाल्ली नाही," ते म्हणाले. नवरा म्हणाला, नाना, मशीन खोटं बोलत नाही. नानांनी मान हलवली आणि चालू लागले. इंजेक्शनचं त्यांना काही वाटलं नव्हतं; सुई काय, रोजच टोचून घेत होते. भट्टीचं वाटलं होतं.

गल्लीला बातमी कळायला संध्याकाळ लागली नाही. न्हाव्याने दाढी करताना मिशीत साखर सापडते का बघितलं. समोरच्या दुकानदाराने साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं ऐकवलं. सकाळी नाना फिरून आले की मी त्यांच्या खिशातल्या गोळ्या मोजायला लागले. वीसच भरायच्या. मी नवऱ्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला की वीस भरतात कारण ते कारखान्यातल्या खातात. या माणसाशी वाद घालता येत नाही. पण खरं सांगायचं तर मलाही ते पटलं.

एका दुपारी मी न सांगता कारखान्यात गेले. बघते तर नाना तोंडाला फडकं घट्ट बांधून कढईसमोर बसलेले. कारागीर म्हणाला, आठवडा झाला असेच बसतात, पाणी प्यायलासुद्धा सोडत नाहीत. मी तासभर तिथे उभी राहिले. त्यांनी तोंडात काही टाकलं नाही. संध्याकाळी आकडा तीनशे एक्याण्णव. आता शहाण्या बाईने इथे थांबून विचार केला असता. मी काय विचार केला, की गोळी आधीच फडक्याच्या आत ठेवलेली असणार.

मग नानांना सर्दी-ताप आला आणि ते एक दिवस घरी राहिले. संध्याकाळी मोजली तर एकशे बेचाळीस. नवरा मशीन हातात घेऊन घरभर फिरला. यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे, असं त्याने मला विचारलं, नानांना विचारलं आणि एकदा मशीनलाही विचारलं. कारखान्यात गेलं की चारशे, घरी राहिलं की दीडशेच्या आत. बाप झाला म्हणून काय झालं, असं म्हणून त्याने कारखान्याची किल्ली नानांच्या खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात टाकली.

नाना अंथरुणात उठून बसले. ते एवढंच म्हणाले, "भट्टी काढून घेतलीस तर मी नुसता पेशंट उरतो रे." नवऱ्याने ऐकलं. पण त्याला आकडा दिसत होता.

पुढचे अकरा दिवस नाना घरी होते. वही इतकी सुंदर कधीच दिसली नव्हती. एकशे तीस, एकशे छत्तीस, एकशे एकोणतीस. नवरा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा. आकडे सुधारले आणि माणूस बिघडला. दुपारी दोन वाजले की नाना बूट आपटायचे, आत हात घालून बघायचे आणि परत जागेवर ठेवायचे. मी चहाला साखर घातली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन बुडबुडे बघत उभे राहायचे. एकदा म्हणाले, आच मोठी आहे. मी म्हटलं, नाना, हा चहा आहे. ते म्हणाले, हो, विसरलो, आणि गेले. सकाळी तळव्यांची पाहणी व्हायची, पण निकाल ऐकू यायचा नाही. डावा ठीक, उजवा ठीक असं कोणी म्हणत नव्हतं. ते मला फार लागलं. तरी मी स्वतःची समजूत घातली की रोग बरा होतोय ना, मग झालं.

तिकडे कारखान्यात थर्मामीटर खिळ्यावरून उतरला होता. माझ्या नवऱ्याने त्याच्या भरवशावर पाक काढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशीच्या गोळ्या कागदाला अशा चिकटल्या की पोरं कागदासकट चोखायला लागली. दुसऱ्या दिवशी त्याने पाक पुढे नेला तर त्या तपकिरी झाल्या. कारागीर म्हणाला, नानांना विचारा. नवरा म्हणाला, आकडा बरोबर आहे, पाकच चुकतोय. आठवडाभर त्याने माल फेकला. अकराव्या दिवशी तो पावणेसहाला घरी आला. त्याच्या हातात ताटली होती आणि ताटलीत वेगवेगळ्या कढयांतल्या पाकाचे तीन गार तुकडे. तो नानांसमोर बसला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला की खायचं नाही, फक्त बोटांनी सांगा, यातला कोणता बरोबर.

नानांनी ताटली जवळ ओढली. मग त्यांनी पहिला तुकडा उचलला, कानाशी मोडला आणि ठेवला. दुसरा मोडलाच नाही, चिमटीत नुसता चेपला गेला आणि बोटांना चिकटला. तिसराही जवळपास तसाच. पहिला पुढे गेलाय, बाकीचे दोन कच्चे, तिन्हींतला एकही बरोबर नाही, असं सांगून त्यांनी हात खांद्यावरच्या फडक्याला पुसला. भट्टी सुटली होती तरी फडकं सुटलं नव्हतं.

मी सगळा वेळ समोर भाजी निवडत बसले होते. सहा वाजले, म्हणून मशीन घेऊन आले. बोट पुसलं, टोचलं. चारशे बारा.

मी नानांवरची नजर क्षणभरही हलवलेली नव्हती. त्यांनी तोंडात काही घातलं नव्हतं. दुपारपासून त्यांनी पाणी आणि दोन चमचे सपाट भात याशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि तो भात मीच वाढला होता. मशीन बिघडलं असेल म्हणून मी माझं बोट टोचलं. अठ्ठ्याण्णव. मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी नानांचा डावा हात घेतला. तो हात ते पाकाला कधीच लावत नाहीत. एकशे एकतीस.

एकाच माणसाच्या दोन हातांत दोन वेगळी रक्तं असतील असं माझ्या नवऱ्यालासुद्धा म्हणता येईना. मी नानांना बेसिनशी नेलं, त्यांचा उजवा हात साबणाने घासून धुतला, पुसला आणि पुन्हा टोचलं. एकशे तेहतीस.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी शाळेत वहीभर लिहिली होती, तिचा अर्थ मला त्या बेसिनपाशी कळला. दोन महिने मी त्यांच्या रक्तातली नाही, बोटावरची साखर मोजत होते. ते दुसऱ्याच दिवशी म्हणाले होते, हातपाय धुतो, मग मोज. मी धुऊ दिले नव्हते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी तिथेच उभी राहून रडायला लागले आणि नाना ओल्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. त्यांना वाटलं, मी आनंदाने रडतेय.

मग ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "मला वाटायला लागलं होतं, मी खातो आणि विसरून जातो. म्हणून फडकं बांधत होतो. कारागिराला रोज विचारायचो, मी काही तोंडात टाकलं का. तो नाही म्हणायचा. मग वाटायचं, तोही मला जपतोय."

आम्ही त्यांना चोर ठरवलं होतं आणि त्यांनी स्वतःला वेडा ठरवलं होतं. एवढ्याने कोणाच्याही तोंडाला कुलूप लागलं असतं, पण माझा नवरा तोंड नेहमीच चुकीच्या वेळी उघडतो. ताटली हातात फिरवत तो म्हणाला की आजचं राहू दे, आज खाल्ली नसेल, पण म्हणून कधीच खाल्ली नाही असं कसं सिद्ध होतं. कारखान्यात तर चारी बाजूंना गोळ्याच.

नानांनी ते ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, एक गोळी दे."

मी घाबरले. नऊ वर्षांत त्यांनी ही गोष्ट मागितली नव्हती. ते म्हणाले, घाबरू नकोस, अर्धीच दे, रात्रीचा अर्धा भात कमी कर आणि वहीत लिही. त्या क्षणी त्यांनी माझे कान मागितले असते तरी मी दिले असते. डब्यात नानांच्या हातच्या पाकाच्या जुन्या गोळ्या शिल्लक होत्या. त्यातली एक मी सुरीच्या मुठीने फोडली आणि बरा अर्धा निवडून त्यांना दिला. नवऱ्याला काय होणार ते बहुतेक तेव्हाच कळलं, कारण तो उठायला लागला. नाना म्हणाले, बस.

त्यांनी अर्धी गोळी जिभेवर ठेवली. डोळे मिटले. ती या गालातून त्या गालात नेली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद कधी येतो म्हणून मी बघत होते. आला नाही. कपाळाला आठी पडली. ती वाढत गेली.

त्यांनी डोळे उघडले. "लिंबू कुठे आहे?" त्यांनी मुलाला विचारलं.

नवरा ताटलीकडे बघत होता. जी गोष्ट आख्ख्या गल्लीला माहीत होती, मला माहीत होती, कारागिराला माहीत होती आणि गोळी खाणाऱ्या पोरासोरांना माहीत होती, ती एका माणसाला माहीत नव्हती. लिंबू महाग झालं तेव्हा माझ्या नवऱ्याने ते बंद करून बाटलीतला वास आणि आंबट पावडर घालायला सुरुवात केली होती. लिंबू काय, पावडर काय, पुढच्या खोलीतून वाटीत कालवूनच यायचं; नाना पाक तेवढा काढून देतात, चाखत नाहीत, त्यामुळे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता. आम्ही कोणी सांगितलं नव्हतं.

"सात वर्षं झाली," तो म्हणाला.

नानांनी गोळी तोंडातून काढली. समोरच्या कागदात नीट ठेवली, कागदाची घडी केली आणि ती घडी मुलाच्या पुढे सरकवली.

"आणि ही मी चोरून खात होतो, असं तुझं म्हणणं होतं," ते म्हणाले.

नवऱ्याने खिशातून किल्ली काढून त्यांच्यासमोर ठेवली. नानांनी ती लगेच उचलली नाही. आधी त्यांनी हात पुढे करून मला विचारलं, साबण कुठला वापरला होता, तो उद्या कारखान्याच्या पुढच्या खोलीत ठेव, निघताना धुईन. मग मुलाला सांगितलं, सकाळी बाजार उघडायच्या आधी जाऊन उभा राहा आणि शंभर लिंबं घेऊन ये, हातात घेऊन, वास घेऊन, एकेक बघून. नवरा म्हणाला, हो. दुसऱ्या दिवशी साडेपाचला तो पिशवी शोधत होता तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला, डावा ठीक, उजवा ठीक, आणि तू अजून घरातच आहेस का.